काकांची २०१० ची सफारी आणि स्पितीची वाट : जानेवारी ते जून २०२५ मधील कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार. ओडोमीटर १,४८,२१० किमी.

काकांची टाटा सफारी ही गाडी आता माझ्याकडे आली आहे. २.२ लिटर डायकोर डिझेल इंजिन, १४० पीएस, ३२० न्यूटन-मीटर, फोर-बाय-फोर, नोंदणी जुलै २०१०. काकांनी ही गाडी पाटण तालुक्यातल्या शेतावर आणि घाटात चौदा वर्षे चालवली आणि प्रत्येक सर्व्हिसची नोंद एका वहीत तारीख व किलोमीटरसह ठेवली. ती वही गाडीबरोबर मिळाली हे मी मोठे भाग्य समजतो, कारण जुन्या गाडीत नेमके काय, केव्हा आणि का बदलले हे कळले की निम्मे निदान तिथेच होते. त्यांचीच पद्धत पुढे चालवायची म्हणून या नोंदी लिहीत आहे.

उद्दिष्ट ठरलेले आहे. सप्टेंबरात हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात शिमला, रामपूर, नाको, ताबो, काझा या मार्गाने जाऊन कुंझुम खिंडीतून ग्राम्फूकडे उतरायचे. कुंझुमची उंची सुमारे ४,५५० मीटर आहे. लोसर ते ग्राम्फू या टप्प्यात रस्त्यावरून वाहणारे नाले आहेत. वितळलेल्या बर्फामुळे दुपारनंतर त्यांचे पाणी वाढते. या वाटेला विंच किंवा छतावर दिव्यांची पट्टी लागत नाही. लो रेंज (कमी वेगात जास्त जोर देणारी गिअरची जोडणी) हवी तेव्हा लागली पाहिजे, विरळ हवेत टर्बोने पूर्ण काम केले पाहिजे, ॲक्सलमध्ये पाणी शिरता कामा नये आणि सामान भरल्यावर मागची बाजू बसता कामा नये. आज ठरवलेला क्रम असा की आधी मूळ गाडी जशी कारखान्यातून निघाली त्या अवस्थेला आणायची आणि त्यानंतरच नवे काही जोडायचे.

सपाट फरशीवर उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली. पुढे डावीकडे ४९२ मिमी, उजवीकडे ४८४ मिमी. मागे डावीकडे ४९५, उजवीकडे ४९०. गाडी उजवीकडे झुकलेली आहे. काका बहुतेक वेळा एकटेच गाडी चालवत, हे त्याचे कारण असावे.

२६ जानेवारी, रविवार.

आज मुख्य दोषाकडे वळलो. डॅशबोर्डवरची चकती फिरवल्यावर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) लगेच लागते, पण गाडी थांबवून, क्लच दाबून फोर-एल (चारही चाकांना ताकद, लो रेंज) निवडले की दिवा लुकलुकत राहतो आणि काहीच घडत नाही. वहीत २०२१ पासून ‘फोर-एल लागत नाही, गरज नाही’ अशी नोंद आहे. धायरीच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी गाडीखाली न जाताच सांगितले, “साहेब, शिफ्ट मोटर गेली, ती बदला.” ही मोटर महाग आहे आणि सहज मिळतही नाही, म्हणून बदलण्यापूर्वी मोजायचे ठरवले.

या प्रकारच्या बोर्ग वॉर्नर ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत, मोटर एका कॅमला फिरवते आणि तो कॅम गिअर बदलणारा फोर्क सरकवतो. मोटर दोनच तारांवर चालते. एका दिशेला फिरवायची असेल तर विद्युतप्रवाह एका बाजूने, उलट फिरवायची असेल तर दुसऱ्या बाजूने दिला जातो. म्हणजे जी मोटर टू-एचवरून (फक्त मागच्या चाकांना ताकद) फोर-एचवर जाते आणि परत येते, ती दोन्ही दिशांना फिरते हे आधीच सिद्ध झालेले असते. मोटरला मिळणारे व्होल्टेज पाहण्यासाठी तारेच्या आवरणात सुईचे टोक खुपसून मल्टिमीटर लावला. फोर-एच निवडताना १२.३ व्होल्ट क्षणभर दिसले आणि मोटरचा खट्‌ असा आवाज आला. फोर-एल निवडताना मीटर शून्यावरच राहिला.

म्हणजे मोटरला आदेशच मिळत नाही. कंट्रोल मॉड्यूल कशाची तरी वाट पाहत थांबले आहे. लो रेंजसाठी त्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते, गाडी उभी आहे आणि क्लच दाबलेला आहे. स्पीडोमीटर नीट चालतो, तेव्हा संशय क्लच पेडलच्या स्विचवर गेला. अंधार पडल्याने काम थांबवले.

२ फेब्रुवारी, रविवार.

पेडलखाली डोके घालून क्लच स्विच काढला. त्याची दांडी पेडलपर्यंत पुरेशी पोहोचतच नव्हती. वहीतली मार्च २०२१ ची नोंद पाहिली, ‘क्लच प्लेट, प्रेशर प्लेट बदलली.’ त्याच कामात पेडलची उंची बदलली गेली असणार आणि स्विच पूर्वीच्याच जागी राहिला असणार. लॉकनट सैल करून स्विच साधारण ४ मिमी पुढे घेतला. फोर-एल पहिल्याच प्रयत्नात लागले. चार वर्षे बंद असलेली लो रेंज दोन पान्यांनी आणि अर्ध्या तासात परत मिळाली. हा आनंद मला इथे लिहून ठेवायचा आहे.

त्याच दिवशी बॅटरीचे अर्थिंग तपासले. सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये ०.९ व्होल्टची घट मिळाली, ती ०.२ पेक्षा जास्त नसावी. चॅसिसवरची अर्थिंग पट्टी काढली तेव्हा खाली पांढऱ्या-हिरव्या गंजाचा थर निघाला. पत्रा घासून चकचकीत केला, नवी पट्टी बसवली, वरून ग्रीस लावले. आता घट ०.१५ व्होल्ट आहे. मागे कोणीतरी जोडलेले जादा हॉर्न आणि फॉग लॅम्प थेट हेडलाइटच्या तारेतून, फ्यूजशिवाय घेतलेले होते. ते सगळे काढून टाकले. फ्यूज नसलेली तार ही आगीला दिलेली मोकळी वाट आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार. १,४९,०६० किमी.

कात्रज घाटात तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० ते २,५०० आरपीएमदरम्यान गाडी ओढत नाही आणि आरशात काळा धूर दिसतो. इंजिनात इंधन जाते, पण त्या प्रमाणात हवा जात नाही असा याचा अर्थ. इंधनाची बाजू, म्हणजे पंप आणि इंजेक्टर, खर्चिक असते. हवेची बाजू साबणाच्या पाण्याने तपासता येते, म्हणून तिथून सुरुवात केली.

इंजिन बंद असताना सगळे होज हाताने दाबून पाहिले, एकही फाटलेला दिसला नाही. मग टर्बोच्या बाजूने पाइपला बूच लावून, त्यात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवून, कॉम्प्रेसरने सुमारे १ बार दाब दिला आणि साबणाचे पाणी फवारले. इंटरकूलरच्या (टर्बोकडून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) खालच्या होजला क्लॅम्पच्या अगदी कडेला, खालच्या अंगाने, बोटाच्या पेराएवढी चीर होती. दाब नसताना ती मिटलेली असते, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. दाब आला की उघडते आणि फेस उसळतो.

या इंजिनाच्या टर्बोमध्ये टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलतो. गळती असली की अपेक्षित दाब भरून काढण्यासाठी पाती सतत मिटलेल्या बाजूला राहतात आणि टर्बो गरजेपेक्षा वेगाने फिरतो. पुण्यात हे खपून जाईल. पण ४,५०० मीटरवर, जिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास उरतो, तिथे टर्बोवर आधीच ताण असतो. त्यात गळती राहिली तर शाफ्टचे आयुष्य तिथेच संपू शकते. दोन्ही होज आणि चारही क्लॅम्प नवे टाकले. धूर थांबला. जुना होज फेकला नाही, चीर कुठे पडते हे पुढे लक्षात राहावे म्हणून शेडमध्ये टांगून ठेवला आहे.

१६ मार्च, रविवार.

सस्पेन्शन. मागच्या बाजूला पाच लिंकचा (जोडदांड्यांचा) अखंड ॲक्सल आणि कॉइल स्प्रिंग आहेत, पुढे डबल विशबोन आणि टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारी पोलादी दांडी. मागचे स्प्रिंग चौदा वर्षांच्या वजनाने बसले होते. जास्त जाड तारेचे स्प्रिंग बसवण्याचा मोह होता, पण रिकाम्या गाडीत ते उसळी देतात आणि खडबडीत चढावर चाक जमिनीवर टिकू देत नाहीत. आधी सामानाचे वजन कागदावर मांडले. टाकीत ६५ लिटर डिझेल म्हणजे सुमारे ५४ किलो, ४० लिटर पाणी, हत्यारे व सुटे भाग ३५ किलो, तीन माणसे आणि त्यांच्या बॅगा. एवढ्यासाठी मूळ मापाचे नवे स्प्रिंग पुरतात. छतावर लोखंडी कॅरिअर लावणार नाही, हेही आज पक्के केले. तिथले चाळीस किलो गाडीचा गुरुत्वमध्य नको तिथे नेतात, आणि कड्याच्या बाजूला झुकलेल्या रस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागते.

नव्या स्प्रिंगनंतर मागची उंची डावीकडे ५१७ आणि उजवीकडे ५१५ मिमी झाली. मागच्या लिंकचे सर्व बुश बदलले. त्यांपैकी एकाचे रबर लोखंडी नळीपासून पूर्ण सुटले होते. वेगात असताना गाडी मागून ‘पोहते’ अशी काकांची तक्रार वहीत दोनदा आहे, तिचे मूळ यातच असावे.

पुढच्या टॉर्शन बारविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, तो इथे मोडून काढतो. टॉर्शन बारचा बोल्ट आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. बारचा कडकपणा त्याची जाडी, लांबी आणि पोलाद यांवर ठरतो. बोल्टने फक्त तो कोणत्या कोनातून सुरू होतो हे बदलते आणि गाडी वर उचलली जाते. मात्र जेवढी गाडी उचलावी तेवढा चाकाचा खाली जाण्याचा पल्ला कमी होतो. मग खड्ड्यात चाक लवकर लटकते, वरचा आर्म स्टॉपवर आपटतो, आणि चालकाला वाटते की सस्पेन्शन ‘टाइट’ झाले. ड्राइव्ह शाफ्टचे कोनही तिरके होतात आणि सीव्ही जॉइंट लवकर झिजतात. म्हणून दोन्ही बाजू केवळ ५०५ मिमीपर्यंत आणल्या, म्हणजे डावीकडे १३ आणि उजवीकडे २१ मिमी वाढ. जुन्या जागेवर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि बोल्टचे आटे मोजून लिहिले. गाडी घोडीवर घेऊन, चाक लटकत असताना बार सैल केल्याशिवाय या बोल्टला हात लावू नये. भरलेल्या बारमध्ये साठलेला जोर हाताची बोटे घेऊन जाऊ शकतो.

३० मार्च, गुढीपाडवा.

टायर घेतले. मूळ माप २३५/७० आर १६, बाहेरचा व्यास सुमारे ७३५ मिमी. २४५/७५ घेतला असता तर व्यास ७७४ झाला असता. तळाची उंची १९ मिमीने वाढली असती, पण चाक वळवताना मडफ्लॅपला घासले असते, गिअरिंग पाच टक्क्यांनी लांबले असते आणि स्पीडोमीटर तेवढाच कमी दाखवू लागला असता. ज्या इंजिनाला विरळ हवेत चढायचे आहे त्याच्यावर हा भार नको. २४५/७० ऑल-टेरेन घेतले. उंची फक्त ७ मिमी वाढली, मात्र बाजूची भिंत जाड मिळाली, आणि धारदार दगडांच्या वाटेवर तीच खरी कमाई आहे.

२० एप्रिल, रविवार.

अलाइनमेंट करून घेतले. उंची बदलल्यावर टो, म्हणजे वरून पाहताना पुढच्या चाकांच्या तोंडांची दिशा, बराच बाहेर गेला होता. टायर बसवल्यापासूनच्या ६०० किमीत पुढच्या टायरांच्या आतल्या कडा घासल्या गेल्या आहेत. सस्पेन्शनच्या कामानंतर लगेच अलाइनमेंट करायला हवे होते. पाच आठवडे थांबणे ही चूक झाली.

दुपारी ब्रीदर, म्हणजे ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी तोटी. पाण्यात उतरण्याआधी ॲक्सल तापलेला असतो. थंड पाण्यात त्याच्या आतली हवा आकुंचन पावते, ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर ती ऑइल सीलमधूनच पाणी आत ओढते आणि गिअर ऑइलचे दुधट पाणी होते. मागच्या ॲक्सलचा ब्रीदर खरोखरच बुजलेला होता. पुढचा डिफरन्शिअल, मागचा ॲक्सल आणि ट्रान्सफर केस या तिघांचे ब्रीदर ८ मिमी डिझेल होजने वर घेतले. पुढचे दोन इंजिनाच्या मागच्या भिंतीवर आणि मागचा टेललॅम्पच्या आतल्या पोकळीत, वर छोटा फिल्टर लावून. खर्च हजार रुपयांच्या आत. या प्रकल्पातले सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम हेच आहे.

४ मे, रविवार. १,५१,३४० किमी.

नसरापूर, वेल्हे, केळद. मढे घाटाच्या अलीकडे एका परिचितांच्या खाजगी शेतवाटेवर त्यांच्या परवानगीने चाचणी घेतली. वनखात्याच्या जमिनीत गाडी नेली नाही, नेणारही नाही. कोरडी लाल माती, सुटे दगड, एक तीव्र चढ. टायरची हवा ३२ वरून २२ पीएसआयवर आणल्यावर चढ फोर-एलच्या पहिल्या गिअरमध्ये एक्सलरेटरला जेमतेम पाय लावून चढली. उतरताना ब्रेकला हात लावावा लागला नाही. इंजिननेच गाडी धरून ठेवली.

एक अडचण समोर आली. चढावर पंधरा मिनिटांनी तापमानाचा काटा मध्याच्या वर सरकला. घरी आल्यावर ग्रिल काढले तेव्हा एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत गवताचे तुरे, धूळ आणि किडे यांची वाळलेली चटई निघाली. समोरून पाण्याचा कितीही जोराचा फवारा मारला तरी ती निघत नाही, उलट आणखी दाबली जाते. कंडेन्सर पुढे सरकवून, इंजिनाच्या बाजूने, हलक्या दाबाने पाणी मारून ती काढली. रेडिएटरचे झाकणही दाब धरत नव्हते, ते बदलले.

१ जून, रविवार.

यंदा मोसमी पाऊस २६ मे रोजीच पुण्यात पोहोचला, त्यामुळे ओल्या चाचणीसाठी जुलैपर्यंत थांबावे लागले नाही. तीच शेतवाट, पण आता चिखल, आणि ओढ्यावरच्या फरशीवर गुडघ्याच्या खाली पाणी. पाण्यातून दोनदा नीट गेलो. तिसऱ्या वेळी फोर-एल निवडले तर दिवा लुकलुकू लागला. फोर-एचही लागेना. गाडी टू-एचमध्येच राहिली. सोबतच्या ट्रॅक्टरने चिखलातून ओढून काढली. दोर बांधण्यासाठी पुढचा कारखान्याचा हुक वापरू दिला नाही. तो वाहतुकीत गाडी बांधण्यासाठी आणि सपाट रस्त्यावर हळू ओढण्यासाठी असतो. मार्चमध्ये चॅसिसला १०.९ ग्रेडच्या बोल्टांनी बसवलेली पट्टी आज उपयोगी पडली.

८ जून, रविवार.

फेब्रुवारीतला दोष असता तर फोर-एच लागली असती. आज दोन्ही लागत नाहीत, म्हणजे दोन्ही निवडींना समाईक असलेले काहीतरी तुटले आहे. त्यांत आधी तपासायचे दोन भाग, मोटर आणि तिच्या दोन तारा.

कनेक्टर काढून, चकती फिरवून मोजले. १२.४ व्होल्ट. मीटरवर सगळे ठीक दिसते, आणि याच जागी मोटर बदलण्याचा निर्णय होऊन जातो. परंतु मल्टिमीटर जवळपास काहीच विद्युतप्रवाह घेत नाही. एकच तंतू शिल्लक असलेली तारही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. म्हणून कनेक्टरला हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब जोडला, जो साधारण साडेचार अँपिअर घेतो. चकती फिरवल्यावर बल्ब लालसर, मंद पेटला आणि व्होल्टेज ६.८ वर आले. म्हणजे वाटेत कुठेतरी अर्ध्याच्या आसपास व्होल्टेज खाल्ले जात होते.

कनेक्टरच्या पिना स्वच्छ होत्या. तारेवर बोट फिरवत वर गेलो तर हातभर अंतरावर आवरण फुगलेले लागले. कापून पाहिले. आत तांबे हिरवे आणि भुसभुशीत झालेले होते, जेमतेम तीन-चार तंतू धरून होते. ती जागा मी ओळखली. २६ जानेवारीला सुईचे टोक मी तिथेच खुपसले होते आणि त्यावर काहीही न लावता पुढे गेलो होतो. त्यानंतर प्रत्येक वेळी तळ दाबाच्या पाण्याने धुतला, त्या छिद्रातून पाणी आत शिरत राहिले, आणि शेवटचा आघात ओढ्याने केला. हा दोष गाडीच्या वयाचा नव्हता. मीच तो तयार केला होता.

तार १५ सेंटीमीटर कापून नवी जोडली. क्रिम्प करून, वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, त्यावर कोरुगेटेड पाइप. बल्ब आता पांढरा पेटतो, त्यावर ११.९ व्होल्ट. फेब्रुवारीपासून मी आणखी कुठे कुठे सुई वापरली हे वहीवरून शोधले. तीन जागा मिळाल्या, त्या तिन्ही उघडून कोरड्या असल्याची खात्री केली आणि सील केल्या. यापुढे तपासणी कनेक्टरच्या मागच्या बाजूने, पिनेच्या शेजारून, आवरण न भेदता करायची.

१७ जून, मंगळवार.

नोंदणी जुलैमध्ये पंधरा वर्षे पूर्ण करते, म्हणून नूतनीकरणासाठी नमुना २५ भरून गाडी तपासणीला नेली. हा अर्ज मुदत संपण्याच्या साठ दिवस आधीपासून करता येतो. पुढे बुल बार नाही, कारण डिसेंबर २०१७ पासून केंद्राने त्यावर बंदी घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांविरुद्ध निकाल दिला, तोही लक्षात ठेवून चॅसिस, बॉडी, इंजिन आणि दिवे यांच्या मूळ रचनेत बदल केलेला नाही. धुराची चाचणी उत्तम आली. होज बदलल्याचा हा आणखी एक लाभ. पर्यावरण कर भरला, तपासणी झाली.

२२ जून, रविवार. १,५२,११५ किमी.

पुन्हा केळद. मुसळधार पाऊस, शेतवाटेवर घोट्याएवढा चिखल. ओढ्याच्या फरशीवरून सहा वेळा गेलो आणि प्रत्येक वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर थांबून टू-एच, फोर-एच, फोर-एल आणि परत असा पूर्ण फेरा घेतला. सहाही वेळा दिवा स्थिर लागला. घरी येऊन तिन्ही ठिकाणचे ऑइल काढून पारदर्शक बाटल्यांत रात्रभर ठेवले. पाण्याचा थर कुठेही नाही.

एकच गोष्ट उरली आहे. जादा चाक मागच्या दारावर टांगलेले असते आणि नवे टायर प्रत्येकी चार किलोंनी जड आहेत. खडबडीत वाटेवर दार खालच्या बिजागरीवर करकरते आणि लॉकच्या बाजूला ३ मिमी खाली आले आहे. बिजागरीच्या पिना लेथवर नव्या करून घ्यायच्या आणि दाराच्या आत पत्र्याला आधारपट्टी द्यायची, हे काम जुलैच्या पहिल्या रविवारी. लेथवाल्यांना द्यायचे माप आजच घेतले आहे. वरच्या पिनेचा व्यास ९.६ मिमी आणि खालच्या पिनेचा ९.१ मिमी, एका बाजूला झिजलेला.